बिनकाठीचं घर

नाकासमोर चालणारा माणूस म्हणून चष्मेवाल्याची सगळ्या गल्लीत ख्याती होती, आणि त्याच माणसानं भर दुपारी, भरल्या दुकानात, एका धिप्पाड गिऱ्हाइकाच्या नाकात दोन बोटं घालून त्याला गुडघ्यांवर आणलं. आता लोकांच्या नाकांशी त्याचा रोजचाच संबंध, पण तो बाहेरून. फ्रेम नाकावर ठेवायची, काड्या कानांमागे बसवायच्या, नाकाला टेकणाऱ्या त्या दोन इवल्याशा गाद्या चिमट्यानं जरा आत, जरा बाहेर वळवायच्या आणि विचारायचं, ‘रुततंय का कुठं?’ वर्षानुवर्षं त्यानं लोकांना एवढंच विचारलं होतं. चष्मा चढवताना माणसं डोळे मिटून घेतात, भलेभले साहेबसुद्धा मिटतात, आणि तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा वासरासारखा भाबडा होतो, हे त्याला माहीत होतं आणि तो ते कुणाला सांगत नसे. हे गिऱ्हाईक स्वतःच्याच चष्म्यावर बसून आलं होतं आणि दोष मात्र दुकानाला देत होतं. ‘भंगार विकता आणि वर तोंड करून बोलता!’ चष्मेवाला वर तोंड करून बोलतच नव्हता, तो खाली मान घालून वाकडी काडी गरम हवेवर धरून सरळ करत होता. ‘होईल साहेब, थांबा जरा,’ एवढंच म्हणाला. त्यावर त्या माणसानं काउंटरवरून वाकून चष्मेवाल्याच्याच डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला. ‘आता बघ! बिनचष्म्याचं कसं दिसतं ते बघ जरा!’ आणि हसला. मागच्या स्टुलावर चष्मेवाल्याची आठ वर्षांची मुलगी बसली होती. शाळा सुटली की ती दुकानात यायची, काचा पुसायच्या कागदांवर चित्रं काढत बसायची. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या वेळी मात्र ती ठरली होती.

चष्मा गेला आणि दुकान विरघळलं. कपाटं गेली, आरसे गेले, गिऱ्हाइकाचं तोंड गेलं. उरला नुसता एक मोठा, गरम, फुसफुसणारा अंधार, अगदी पहाटेच्या गोठ्यासारखा. आणि गोठ्यात काय करायचं हे हाताला कुणी सांगावं लागत नाही. अंगठा एका नाकपुडीत गेला, मधलं बोट दुसरीत, दोहोंच्या मध्ये तो मऊ पडदा सापडला आणि चिमूट मिटली. वर उचलायचं, मग थोडं पिळायचं, मग खाली. मनगटाचं काम, खांद्याचं नव्हे. तो माणूस ‘आँ’ करून काउंटरला घासत खाली आला, त्याच्याबरोबर फ्रेमांचा एक अख्खा ट्रे खाली आला, आणि चष्मेवाला काउंटरला वळसा घालून त्याच्याबरोबर चालत होता, त्याला फरशीवर गुडघ्यांनी चालवत होता आणि हलक्या, मायेच्या आवाजात म्हणत होता, ‘हां… हां… सावकाश.’ वीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. दुकानाचे मालक आतून धावत आले. ‘अरे सोड! सोड त्यांना!’ चष्मेवाल्यानं ऐकलं. ऐकून तो म्हणाला, ‘अजून नाही.’ आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटत होतं. छातीत काहीतरी ऐसपैस मोकळं झालं होतं. इतका मोठा देह, आणि सगळा दोन बोटांत! मग बोटांवर ऊन ऊन ओल आली, रक्त होतं, आणि त्यानं सोडलं. मालकांनी त्या माणसाला पाणी दिलं, नवा चष्मा फुकट दिला, हातापाया पडून बाहेर पोचवलं. मग चष्मेवाल्याकडे न बघता म्हणाले, ‘घरी जा. उद्या बोलू. आणि आधी हात धू.’

हात धुऊन, चष्मा पुसून त्यानं घातला तेव्हा आधी दिसली भिंगरी. रडत नव्हती. घाबरून आक्रसली असेल, तोंड फिरवेल, हात धरायला देणार नाही, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तो मेला असता, पण निदान समजलं तरी असतं. ती त्याच्या हाताकडे बघत होती. रस्त्यात तिनं तो हात आपण होऊन धरला, तोच, उजवा, आणि बोटं एकेक करून चाचपली. ‘बाबा, तो एवढा मोठा माणूस गप्प कसा काय झाला?’ ‘झाला खरा.’ ‘तू त्याला मारलंस का?’ ‘नाही गं.’ ‘तरी रडला.’ ‘हूं.’ ‘म्हणजे न मारता रडवता येतं,’ ती म्हणाली, आणि बेरीज जमल्यावर जशी उडी मारायची तशी तिनं फुटपाथवरून उडी मारली. न मारता रडवता येतं! हे वाक्य कळायला चष्मेवाल्याला स्वतःला वीस वर्षं लागली होती, त्यासाठी शेत सोडावं लागलं होतं, माणसं सोडावी लागली होती, आणि या पोरीनं ते दुकानापासून बसथांब्यापर्यंतच्या अंतरात सोडवून टाकलं.

त्यांच्या शेतावर काठी नव्हती. चार पिढ्यांचं शेत, पुढे मका, मागे बटाटे, मध्ये घर आणि गोठा एकाच छपराखाली, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एक काठी नव्हती. पणजोबांनी म्हणे एकदा रागाच्या भरात एका गाभण गाईला काठीनं इतकं झोडलं की ती पोटातल्या वासरासकट गेली, आणि त्या दिवशी त्यांनी शेतावरच्या सगळ्या काठ्या, चाबूक, हाकायच्या पराण्या एकत्र करून पेटवून दिल्या. ‘यापुढे या घरात कुणावर हात उगारायचा नाही. जनावरावरही नाही, माणसावरही नाही.’ आसपासचे शेतकरी हसले, मग बघायला येऊ लागले, कारण काठीशिवाय त्यांची गुरं इतरांच्या गुरांपेक्षा मवाळ चालायची. कशी चालायची? नाकानं. आजोबा म्हणायचे, ‘नाक दाबलं की तोंड उघडतं, हे काय नुसतं बोलायला आहे होय?’ वळूच्या नाकात सगळे लोखंडाची कडी घालतात, त्यांच्याकडे तीही नव्हती. कडी म्हणजे हाताचा अपमान. घरातल्या प्रत्येक पोराला ही धर, ही दोन बोटांची पकड, शिकवली जायची, आणि शिकवायची रीतही ठरलेली होती. वासराला हात लावण्याआधी ती धर पोराच्या नाकावर करायची. आजोबांनी आबांवर, म्हणजे चष्मेवाल्याच्या बापावर केली, आबांनी थोरल्या दादावर आणि याच्यावर. ‘आधी स्वतःच्या नाकाला कळलं पाहिजे, म्हणजे हात बेताचा राहतो.’ ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पाहुणे माना डोलवायचे. पण एकदा नाक धरायचं ठरलं की मग नाक काय फक्त शिकण्याच्याच दिवशी असतं? दूध सांडलं, नाक. फाटक उघडं राहिलं, नाक. आबा आवाज चढवत नसत, चेहराही तसाच, शांत, जरा कनवाळू. दोन बोटं घालून ते त्याला गुडघ्यांवर अंगणभर फिरवायचे, हौदाला वळसा, गव्हाणीपुढून, आणि गाई रवंथ करत बघायच्या. ‘सोडा ना आबा.’ ‘अजून नाही.’ नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडातून जे निघेल ते आबा लक्ष देऊन ऐकायचे. मग सोडायचे, आपल्या रुमालानं त्याचं नाक पुसायचे आणि जेवायला बसताना सगळ्यांदेखत म्हणायचे, ‘आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही.’ आई ताटाकडे बघायची. खोटं कुठं होतं? कुणी कुणाला मारत नव्हतं.

बसमध्ये भिंगरी खिडकीशी बसली आणि तो तिच्या शेजारी, हात मांडीखाली दाबून. भोपळ्या त्याला आठवायचा नव्हता. भोपळ्या म्हणजे त्यांचा शेवटचा वळू. जन्मला तेव्हा डोकं भोपळ्यासारखं वाटोळं म्हणून ते नाव, आणि त्याची आई दगावली म्हणून चष्मेवाल्यानंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. माणसाच्या हातावर वाढलेला वळू माणसाला भीत नाही, हे गुरांचा डॉक्टर बजावून गेला होता. ‘कडी घाला याला. तुमची बोटं आता पूर्वीची नाहीत.’ आबांची बोटं सांध्यांत सुजून गाठाळली होती, सकाळी शर्टाचं बटण लागत नव्हतं. पण आबा म्हणाले, ‘या हाताला गंज चढला की मग घालू कडी.’ त्यांना कळलं नाही, पण वळूला कळलं. हौदाशी पाणी पाजताना ती धर जराशी ढिली पडली, नेहमीपेक्षा किंचित, आणि भोपळ्यानं मान खाली घेतली आणि आबांना हौदाच्या भिंतीवर दाबलं. धावून आला नाही, शिंगं रोखली नाहीत, नुसतं टेकला, सगळ्या वजनानिशी. आधी बरगड्यांचा आवाज आला, वाळकी फांदी पायाखाली यावी तसा, एक, मग पुष्कळ. आबांचं तोंड उघडलं. चष्मेवाल्यानं उभ्या जन्मात त्या तोंडून आरडाओरडा ऐकला नव्हता. ‘काठी!’ आबा ओरडले. ‘काठी आणा रे! काठी!’

आणि घरात काठी नव्हती! दादा अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून घरात, घरातून परत अंगणात वेड्यासारखा पळत होता, आणि बाप ‘काठी, काठी’ करत होता, आणि चार पिढ्यांच्या त्या घरात म्हाताऱ्याला वाचवायला हातभर लाकूड नव्हतं. फावडी शेतात, दाताळं गंजीपाशी. शेवटी दादा सरपणाच्या खोलीतून कुऱ्हाड घेऊन आला. तोपर्यंत चष्मेवाला, तेव्हा तो चष्मेवाला नव्हता, विशीतला धाकटा होता, बाजूनं भोपळ्याला भिडला, त्याचं नाक चिमटीत धरलं, आणि भोपळ्या लगेच मागे आला. वासरासारखा आला. बाटलीच्या दुधाला यायचा तसा. आबा भिंतीवरून घसरत खाली बसले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते कायमचं तसंच राहिलं. ‘धर,’ दादा म्हणाला. ‘सोडू नकोस.’ त्यानं धरलं. पहिला घाव मानेवर तिरपा बसला, दुसरा शिंगावरून निसटला. ज्या घरात कुणी कुणाला मारत नाही त्या घराला मारायचं कसं ते येत नाही. दादा रडत रडत घालत होता, कधी पात्यानं, कधी मागच्या बोथट तुंब्यानं, कुठंही, आणि त्या एवढ्या डोंगराला एका झटक्यात दोघांना उधळून देता आलं असतं तरी तो थरथरत उभा होता, कारण त्याचं नाक ओळखीच्या हातात होतं. डोळा याच्याकडे लागला होता. ‘हां… हां… सावकाश,’ हा म्हणत होता. बोटांवरून गरम रक्ताचे फुगे फुटत होते. भोपळ्या पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, मग संपला, तरी याची चिमूट सुटेना. दादाला त्याचं एकेक बोट उलगडून काढावं लागलं. आपल्यावर इतकं कुणी कधी विसंबलं नव्हतं, हे त्याला तिथंच, त्या चिखलात कळलं होतं, आणि त्यानंतर तो त्या घरात एक दिवसही राहू शकला नाही.

शहरात आल्यावर त्यानं मनाशी एकच गाठ मारली होती: हे माझ्यापाशी संपलं पाहिजे. लग्न केलं, मुलगी झाली, मुलीला शेत दाखवलं नाही. दादा तिकडे एकटाच राहिला, त्याला पोरबाळ नाही. तो अधूनमधून फोन करायचा आणि फिरून फिरून तिथंच यायचा, ‘पोरीला पाठव सुट्टीत. वासरं झालीत. पाचवी पिढी आहे ती, तुझी एकट्याची नाही.’ हा कधी तिच्या खोकल्याचं कारण सांगायचा, कधी परीक्षेचं. घरात तो चपलेला चप्पल लागू देत नसे. बायको पोस्टात पार्सलं तोलायची, ती चिडून एखादं दार आपटायची आणि म्हणायची, ‘तूही आपट की एकदा! नुसता गोगलगाय झालायस.’ तो हसायचा. त्यांच्या घरातली छत्रीसुद्धा घडी घालून पिशवीत मावणारी होती. आणि इतकं सगळं जपून, इतकं अंग चोरून, आज ते शेत स्वतःच्या पायांनी चालत दुकानात आलं होतं आणि भिंगरीनं स्टुलावर बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं होतं.

घरी पोचल्यावर त्यानं चहाचं आधण ठेवलं. बायको यायला अवकाश होता. पाणी उकळायच्या आत फोन वाजला आणि भिंगरीनं झडप घालून तो उचलला. ‘काका, आज बाबानं एका माणसाचं नाक धरलं! दुकानात!’ स्वयंपाकघराच्या दारातून त्याला तिची पाठ दिसत होती. फोनमधून दादानं काहीतरी विचारलं. ‘अंगठा आणि मधलं बोट,’ भिंगरी म्हणाली. ‘हो, खाली बसला. हो, रडला. काका, मलापण शिकायचंय.’ त्यानं फोन हिसकावून घेतला तेव्हा दादा हसत होता, आणि त्या हसण्यात इतका आनंद होता की याला दोन पावलं मागे सरकावंसं वाटलं. ‘अरे, विसरला नाहीस म्हणजे!’ दादा म्हणाला. ‘मला वाटत होतं, माझ्यामागे ही धर बुडाली. पाठव तिला. मी शिकवतो. आधी तिच्या नाकाला कळू दे, मग वासरू देतो हाताखाली.’ ‘तिच्या नाकाला हात लावलास तर मी तुझा जीव घेईन,’ चष्मेवाला म्हणाला. ‘कशानं घेशील?’ दादानं सहज विचारलं. यानं फोन ठेवला. वळून बघतो तर भिंगरी मोरीच्या आरशासमोर उभी राहून, जीभ दातांत धरून, स्वतःच्याच नाकात दोन बोटं घालून बघत होती.

‘काढ ती बोटं.’ ‘शिकव ना बाबा. काका म्हणाला, आधी माझ्यावर करायचं असतं. कर, मी नाही ओरडणार.’ आणि तिनं तोंड वर करून डोळे मिटले. चष्मा चढवून घ्यायला मिटावेत तसे. तेवढंसं ते नाक, शेंड्यावर जरासं खरचटलेलं. आणि त्याचा उजवा हात, हरामखोर, उठला. उठलेला त्याला दिसला. अर्ध्या वाटेवर त्यानं तो डाव्या हातानं पकडला, आणि तिथंच त्याला ती युक्ती सुचली, आणि एवढी सोपी गोष्ट पणजोबांपासून कुणाला सुचली कशी नाही याचं त्याला नवल वाटलं. आजवर थोरल्यानं धाकट्याचं धरलं. उलटं करावं. धाकट्या हाताला थोरल्याचं नाक द्यावं. तिला कळू दे ते किती गिळगिळीत असतं, किती लाजिरवाणं. बापाच्या डोळ्यांतून पाणी आलेलं दिसलं की शी म्हणेल, हात झटकेल, रडेल, गळ्यात पडेल, आणि संपेल. तो चष्मा काढून ओट्यावर ठेवून तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसला. ‘तुझ्यावर नाही. माझ्यावर कर. हं, घाल बोटं. घाबरू नकोस.’

ती घाबरली नव्हती. तिची बोटं बारीक होती, त्याच्या नाकात बेमालूम बसली. आत थंड होती. पडदा तिला लगेच सापडला, शिकवावा लागला नाही. चिमूट मिटली, मनगट वर उचललं, जरा पिळलं, आणि कपाळापासून मानेपर्यंत ती जुनी पांढरी कळ फाटत गेली आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बघ, आता बघ, तो मनात म्हणत होता, आता सोडशील. त्याच्यासमोर एक धूसर गोल चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते त्याला दिसत नव्हतं. ‘पुरे,’ तो नाकात म्हणाला. ‘सोड आता.’ चेहरा जरा जवळ आला, म्हणून दिसला. शांत होता. जरा कनवाळूसुद्धा. ‘अजून नाही,’ भिंगरी म्हणाली, आणि मागे मागे पावलं टाकत त्याला चालवू लागली, ओट्यापासून टेबलापर्यंत, टेबलाला वळसा, गुडघ्यांवर, आणि गात असल्यासारखी म्हणू लागली, ‘हां… हां… सावकाश.’ आधण उकळून गॅसवर उतू जात होतं. त्यानं नाक सोडवायला हिसडा दिला आणि तिनं, कुणीही न शिकवता, मनगट आणखी पिळलं. काहीतरी आत फाटलं, ओठांवर ऊन आणि खारट आलं. ओरडायला तोंड उघडंच होतं, आवाज निघत नव्हता. त्याचा डावा हात फरशीवर टेकलेला, आणि उजवा आपल्या आपण टेबलाखाली, कपाटामागे, दाराच्या कोपऱ्यात चाचपडत फिरत होता, काहीतरी लांब, काहीतरी टणक शोधत, आणि कशासाठी शोधतोय, हातात आलं तर त्याचं काय करणार, कुणावर, हे त्याला पुरतं माहीत होतं.

कुलपात किल्ली फिरली. बायको दारातच थांबली, खांद्यावरची पिशवी तशीच. ‘अगं बाई! काय चाललंय हे? रक्त येतंय त्याला!’ ‘काही नाही आई,’ भिंगरी हात न सोडता म्हणाली. ‘मी मारत नाहीये त्याला.’ बायको धावत येऊन खाली बसली, आधी पोरीचं मनगट धरलं, मग त्याचा तो चाचपडणारा हात दिसला आणि तिनं तोही धरला. ‘काय हवंय तुला? बोल की! काय शोधतोयस?’ ‘काठी,’ तो उघड्या तोंडानं म्हणाला. तिला कळेना. ‘काठी?’ ती म्हणाली. ‘आपल्या घरात कुठली आलीय काठी!’